यंत्र मोफत मिळेल

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर बायकोनं मागच्या खोलीचं दार उघडलं आणि आतल्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवून विचारलं, "ही मंडळी अजून किती दिवस इथं नांदणार आहेत?"

निरीक्षकांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर थोडं आणखी वर धरलं.

"मी काय विचारतेय? उद्या माझं शिवणाचं मशीन येतंय. ते काय डोक्यावर ठेवू?"

"ते सरकारी कागद आहेत."

"सरकारी आहेत तर सरकारात नेऊन टाका."

नेमकं तेच शक्य नव्हतं. शेतातली धसकटं पेटवायची नाहीत असं नवं धोरण आल्यापासून निरीक्षकांचं आयुष्य धुराच्या मागे धावण्यात चाललं होतं. वरून उपग्रह पाहत असे. कुठं जाळ दिसला की नकाशावर लाल ठिपका उमटे, ठिपक्यांची यादी सकाळी कृषी कार्यालयात येई, आणि निरीक्षक मोटारसायकलवरून जाऊन जाळणाऱ्याचं नाव घेऊन येत. दंड वगैरे काही नव्हता. कार्यालयाच्या फाटकाजवळ एक काळा फळा होता, त्यावर त्या माणसाचं नाव तीन महिने राही, एवढंच. धोरणात त्याला 'सामाजिक जाणीव फलक' म्हटलं होतं. लोक 'लाजेचा फळा' म्हणत. नावं निरीक्षक स्वतः लिहीत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि आडनावातल्या वेलांट्या ते जरा जास्तच प्रेमानं काढत.

मागच्या खोलीतले गठ्ठे म्हणजे याच धोरणाची दोन हजार पत्रकं. 'शेतात काहीही जाळू नका. धसकटं कुटायचं यंत्र मोफत मिळेल. फोन करा,' असा मजकूर आणि खाली निरीक्षकांचा मोबाइल नंबर. यंत्र अख्ख्या जिल्ह्यात एकच येणार होतं, आणि तेही आलेलं नव्हतं. पत्रकं वाटली असती तर फोन कुणाला आले असते हे उघड होतं. म्हणून निरीक्षकांनी ती चार महिने घरात दाबून ठेवली आणि जिल्ह्याच्या कृषी अधिकारी असलेल्या मॅडमना 'वाटप पूर्ण' असा अहवाल दिला. आता ती परत न्यायची तर कोणत्या तोंडानं?

चार वाजता बायको जरा आडवी झाली तसे ते गठ्ठे घेऊन घरामागच्या अर्ध्या एकरात गेले. तिथला मका काढून झाला होता, धसकटं उभी होती. मधोमध गठ्ठे रचून त्यांनी काडी ओढली. पाच मिनिटांचं काम, असा त्यांचा अंदाज होता. पण गठ्ठ्यातला कागद सहजासहजी जळत नाही. कडा तेवढ्या काळ्या झाल्या. मग त्यांनी सुतळ्या सोडल्या आणि काठीनं गठ्ठे ढवळले. तेवढ्यात वारा सुटला. अर्धी पत्रकं पाखरांच्या थव्यासारखी उठून कुंपणापलीकडे गेली आणि उरलेली पेटती पत्रकं धसकटांत शिरली.

खिडकीतून बायकोचा आवाज आला. "अहो, काय जाळताय?"

"काही नाही!"

"मग ते 'काही नाही' पार कुंपणापर्यंत पेटलंय, बघा!"

बादल्या नेता नेता अर्धा एकर काळा झाला.

सोमवारी सकाळी मॅडमनी यादी पुढं सरकवली. "तुमच्या भागात काल एकच ठिपका आहे. जाऊन या."

निरीक्षकांनी मोबाइलवर ठिकाण उघडलं. ठिपका त्यांच्या घरामागच्या कुंपणावर बसला होता. ते मोटारसायकल काढून घरी गेले, चहा प्यायले, खिडकीतून काळं शेत पाहिलं आणि परत आले.

"कोण निघालं?" मॅडमनी फळ्याच्या वहीवर पेन टेकवत विचारलं.

खरं बोलायचं असं त्यांनी वाटेत तीनदा ठरवलं होतं. पण जीभ आपल्याच वाटेनं गेली. "कुणीच नाही, मॅडम. जाळच नाही तिथं. पत्रे आहेत. उन्हात पत्र्यांची चकाकी दिसली असेल."

मॅडम खुर्चीतून उठल्या. "मी दोन वर्षं घसा फोडून सांगतेय, हा उपग्रह चुकतो म्हणून! आपला जिल्हा उगाच शेवटून पहिला येतो. द्या मला लेखी."

निरीक्षकांनी मोत्यासारख्या अक्षरात लेखी दिलं. मॅडमनी ते त्याच दिवशी वर पाठवलं.

संध्याकाळी ते घरी आले तर बायको दारातच उभी. "माझं मशीन आज आलं आणि आजच तुम्ही ते फुकट वाटायला काढलंत?"

"म्हणजे?"

"सकाळी चहाला आलात नि फोन इथंच विसरलात. एक माणूस विचारत होता, मोफत मशीन कधी मिळेल? मी म्हटलं, बाबा रे, अजून खोक्यातून काढलं नाही. मग कळलं, त्याला धसकटांचं हवंय. कुंपणात कागद सापडला म्हणाला. कोपरा जळलेला आहे, पण नंबर नीट वाचता येतो म्हणाला."

निरीक्षक मटकन खाली बसले. त्यानंतर फोन थांबेनात. ते उचलत नाहीत म्हटल्यावर बायको उचलू लागली. फोन वाजत ठेवणं तिला अपमानाचं वाटे. बुधवारपर्यंत तिनं वहीत नऊ नावं लिहिली होती.

"सगळ्यांना शुक्रवारी सकाळी दहाला बोलावलंय," ती म्हणाली. "म्हटलं, एकदमच काय ते ठरवा."

"अगं, यंत्र नाहीये!"

"नाहीये? मग छापलं कशाला?"

बोलावलेल्यांना 'येऊ नका' असं निरीक्षकांनी कळवण्याआधीच, गुरुवारी दुपारी मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज आनंदानं वर चढला होता. "अवकाश केंद्रातून शास्त्रज्ञ येतायत, उद्याच! पत्रे प्रत्यक्ष बघणार आहेत."

अडचण अशी होती की निरीक्षकांच्या शेतात पत्रा नावाला नव्हता.

पत्रे होते शेजारच्या दूधवाल्याकडे, गोठ्यामागे रचून ठेवलेले. या दूधवाल्याचं नाव गेल्या वर्षी तीन महिने फळ्यावर होतं. तेव्हापासून तो किटल्या घेऊन समोरून जाताना निरीक्षकांकडे बघत नसे. त्याच्या दारात उभं राहताना निरीक्षकांना आपले बूट फार आवाज करतायत असं वाटलं.

"आठ पत्रे हवे होते. एका दिवसापुरते."

दूधवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग कुंपणापलीकडच्या काळ्या शेताकडे बघितलं, आणि घाईनं म्हणाला, "घ्या की साहेब. तुम्ही कशाला उचलता? मी आणून उभे करून देतो."

तासाभरात चार वाशांवर छप्पर उभं राहिलं. घाम पुसत त्यानं विचारलं, "जमीन फार काळी दिसतेय. वरून शेणखत पसरू का? काळ्यावर काळं. कुणाला कळायचं नाही."

"नको नको, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला, साहेब! माझं कामच आहे ते."

आणि त्यानं स्वतःच्या गाडीनं चार खेपा खत आणून टाकलं. ज्याचं नाव आपण वेलांट्या रंगवत फळ्यावर लिहिलं, तो माणूस आपल्यासाठी शेण वाहतोय आणि कारणही विचारत नाही! निरीक्षक कुंपणाला टेकून उभे होते. त्याच्याकडे मान वर करून बघणं त्यांना जमेना.

शुक्रवारी साडेनऊला मॅडमच्या जीपमधून शास्त्रज्ञ उतरले. वयस्कर, टोपी घातलेले, हळू बोलणारे. दूधवालाही पत्र्यांपाशी हजर होता. एक वासा डुगडुगत होता म्हणून त्यानं तो धरून ठेवला होता. शास्त्रज्ञांनी शेणखताच्या मधोमध उभं असलेलं छप्पर चारी बाजूंनी पाहिलं.

"हे कशासाठी आहे?"

"सावलीसाठी," निरीक्षक म्हणाले.

"कुणाच्या?"

"खताच्या," दूधवाला म्हणाला.

"खताला सावली. अच्छा," असं म्हणत शास्त्रज्ञांनी ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं. मॅडम मागून खूश होऊन मान डोलावत होत्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. नऊ माणसं एकामागून एक आत आली. सगळ्यांत पुढं एक म्हातारी शेतकरीण होती आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पत्रक होतं.

"यंत्राची रांग इथंच ना?" म्हातारीनं विचारलं.

मॅडमनी तिच्या हातातलं पत्रक घेतलं. "हे तर चार महिन्यांपूर्वी वाटून झालंय. तुम्ही आज कशा आलात?"

"आम्हाला सोमवारी मिळालं. माझ्या वांग्यांत अडकलेलं."

"आणि याचा कोपरा का जळलाय?"

"माझाही जळलाय," मागचा एकजण म्हणाला. मग सगळ्यांनीच आपापली पत्रकं वर धरली. नऊच्या नऊ कोपरे काळे होते.

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. निरीक्षकांचे कान तापले, नजर बुटांवर गेली. "मी जाळली," ते म्हणाले. "वाटलीच नव्हती. फोन येतील म्हणून घरात लपवून ठेवली. रविवारी इथं नेऊन पेटवली, त्यात शेतही जळलं. पत्रे या भल्या माणसाचे आहेत, काल उभे केलेत. खाली राख आहे. फळ्यावर माझं नाव लिहायला हवं, मॅडम. ठिपका माझा आहे."

दारात बायकोनं पदराचं टोक तोंडाला लावलं. मॅडमचा चेहरा पाहवत नव्हता.

शास्त्रज्ञांनी मात्र चष्मा पुसला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "किती वाजता पेटवलंत?"

"चार वाजता."

"नक्की?"

"चारच. बायको जेवून आडवी झाली होती."

"मग ठिपका तुमचा नाही," शास्त्रज्ञ म्हणाले. "उपग्रह इथून दीड वाजता जातो. चार वाजताचा जाळ त्याला दिसतच नाही. तुमची आग त्याच्या नजरेतून सुटली."

म्हणजे सोमवारी निरीक्षकांनी पत्र्यांची थाप मारली नसती तर त्यांची आग कुणालाही कळणार नव्हती. पत्रे नको होते, शेण नको होतं, काहीच नको होतं.

"ठिपका शंभर-दोनशे पावलं इकडंतिकडं होऊ शकतो," शास्त्रज्ञ पुढं म्हणाले. "रविवारी दीडच्या सुमाराला इथं जवळपास दुसऱ्या कुणी..."

धाडकन आवाज झाला. दूधवाल्याच्या हातून वासा सुटला होता आणि दोन पत्रे खताच्या ढिगावर येऊन पडले होते.

"तो माझा," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"म्हटलं, साहेब जेवायला बसले असतील, तेवढ्यात उरकून घेऊ. संध्याकाळी नांगरूनही टाकलं. मग काल साहेब पत्रे मागायला आले. यांचं शेत काळं झालेलं दिसलं. मला वाटलं, माझ्याच जाळाची ठिणगी इकडं उडाली, आणि साहेबांना सगळं कळलंय. तरी मला फळ्यावर चढवायचं सोडून हे माझं पाप झाकतायत." त्याचा आवाज खाली गेला. "मी रात्री बायकोला सांगितलं, आपण या माणसाला ओळखलंच नाही."

हे ऐकून निरीक्षकांना जे वाटलं, ते कबुली देतानाही वाटलं नव्हतं. आपण चोर ठरलो ते परवडलं, पण देवमाणूस ठरलो होतो हे ऐकवेना. "तसं काही नव्हतं हो," ते कसंबसं म्हणाले. "माझ्या डोक्यात तुमचा विचारही नव्हता."

"आता कळलं," दूधवाला म्हणाला आणि पत्रे उचलायला वाकला. निरीक्षक दुसऱ्या टोकाला जाऊन धरू लागले. त्यानं धरू दिलं.

शास्त्रज्ञांनी वहीत शेवटची ओळ लिहून मॅडमना दाखवली. उपग्रहाची चूक नाही. उलट इथं एक नव्हे, दोन आगी होत्या. मॅडमनी ती ओळ वाचली आणि दोन वर्षांचं बोलणं एका घोटात गिळलं.

"तुमचं काय जळालं नि काय नाही, ते बघा सावकाश," म्हातारी शेतकरीण म्हणाली. "माझी धसकटं अजून उभी आहेत. पुढची पेरणी खोळंबलीय. यंत्र कधी येणार, तेवढं सांगा."

नऊ जणांनी निरीक्षकांकडे बघितलं. निरीक्षकांनी मॅडमकडे. मॅडम हातातलं पत्रक वाचत राहिल्या. तीन ओळींचा मजकूर, पण त्यांना बराच वेळ लागला.

"यंत्र नाही," अखेर त्या म्हणाल्या. "नव्हतंच. येईल असं वरून सांगितलं होतं, त्या भरवशावर हे मी लिहिलं." मग निरीक्षकांकडे न बघता म्हणाल्या, "छापायला देताना नंबर आधी माझाच होता. मग मला वाटलं, लोक फोन करतील तेव्हा काय सांगू? लाज वाटली. म्हणून खोडून यांचा टाकला."

चार महिने तोच प्रश्न उराशी घेऊन झोपणाऱ्या निरीक्षकांना यावर राग यायला हवा होता. पण त्यांना फक्त कुणीतरी सोबतीला आल्यासारखं वाटलं.

मॅडमनी पर्समधून पेन काढलं, पत्रकावरचा छापील नंबर खोडला आणि खाली स्वतःचा लिहिला. "यापुढं याच नंबरवर फोन करा. यंत्राचं जे काही होईल, मी स्वतः सांगेन," असं म्हणून त्यांनी पत्रक म्हातारीच्या हातात दिलं.

म्हातारीनं ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या निरीक्षकांच्या बायकोकडे हात केला.

"राहू द्या, बाई. यंत्र इथंही नाही नि तिथंही नाही," ती म्हणाली. "पण जुन्या नंबरवर निदान ही फोन तरी उचलते."