बोंद्रेकाकूंची धास्ती

इराला घेऊन आम्ही पहिल्यांदा बोंद्रेकाकूंच्या पाळणाघरात गेलो, तेव्हा काकूंनी तिचं नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही, लशी दिल्यात का तेही विचारलं नाही. दाराची साखळी न काढताच फटीतून विचारलं, "पोट दुखलं की काय म्हणता तुमच्यात?"

मी म्हटलं, "पोट दुखतंय असंच म्हणतो."

"तुमचं नाही हो. हिचं!" काकूंनी शीजाकडे बोट केलं.

शीजा माझी बायको. मूळची त्रिशूरची, आठ वर्षांपासून डोंबिवलीची. ती दचकून म्हणाली, "वयरु वेदना."

"वेदना?" काकूंचा चेहरा उजळला. "अगंबाई, म्हणजे आपलंच की!" आणि साखळी निघाली.

मानपाड्यात आमच्या मागच्या गल्लीत, तळमजल्याच्या दोन खोल्यांत काकूंचं पाळणाघर होतं. तळमजला का, तर त्यांना लिफ्टची भीती वाटायची. फुग्यांची वाटायची, म्हणून वाढदिवसाला फुगे आणायचे नाहीत. कुकरची तिसरी शिट्टी झाली की त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. पासष्टीच्या, उंच, आडव्या बांध्याच्या बाई, पण साध्या टाचणीला घाबरायच्या. मात्र सगळ्यात मोठी धास्ती एकच. मूल काहीतरी म्हणेल आणि आपल्याला कळणार नाही!

आणि मुलं तरी कुठकुठली! आजूबाजूला एमआयडीसी, त्यामुळे अकरा मुलांत सहा भाषा. काकूंनी एक वही केलेली. त्यात प्रत्येक मुलासमोर त्याच्या घरचे शब्द, पाणी, भूक, शी, दुखतंय. काहीही सांगायला गेलं की त्या म्हणायच्या, "ते ठीक आहे हो, पण मला कळलं नाही तर?"

एकदा एका बंगाली मुलाच्या बाबांना त्यांनी ऐन मीटिंगमध्ये फोन लावला. "तुमचा मुलगा 'भोय, भोय' करतोय. भूक का?"

"नाही काकू. भय. घाबरलाय तो."

"कशाला?"

"ते मला कसं कळणार? तो तुमच्याकडे आहे."

काकूंनी कान दिला. कुकर शिट्ट्या देत होता. "मग बरोबर आहे त्याचं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून कुकर लावला की दोघं हात धरून गॅलरीत जायची.

आम्ही हसायचो त्यांना. पण खरं सांगायचं तर तेव्हा आमच्या घरातही भीतीच मुक्कामाला होती. इरा अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. चार-पाच शब्द, तेही मनात आलं तर. मी तिच्याशी मराठी बोलायचो, शीजा मल्याळम, शेजारी हिंदी, मोबाइल इंग्रजी. डॉक्टर म्हणाल्या, ऐकू नीट येतंय, काळजी करू नका, बोलत राहा. पण नौपाड्याहून आईचा रोज फोन. "अरे, पोरीच्या डोक्यात किती कोंबताय? एक काय ती भाषा धरा. वेळ गेल्यावर बसाल रडत."

ते 'वेळ गेल्यावर' आम्हाला रात्री झोपू द्यायचं नाही. शेवटी शीजानेच ठरवलं, आपली भाषा बंद. ती इराशी मराठी बोलायला लागली. "इरा, इकडे ये. दूध पी. शहाणी मुलगी." शाळेच्या पुस्तकातून वाचल्यासारखं. तिचा आवाजच बदलायचा. इरा तिच्याकडे बघत बसायची, जणू ही कोण बाई आलीय घरात.

काकूंनी ते पाळणाघराच्या दारात ऐकलं. एरवी कुणाला उलट न बोलणारी ही बाई शीजावर एकदम उखडली. "हे काय चालवलंयस? झोपेत कूस बदलताना काय निघतं तुझ्या तोंडून? तेच बोल तिच्याशी. मराठी शिकवायला मी आहे, हा आहे, अख्खी डोंबिवली आहे. तुझी भाषा तिला कोण देणार?"

शीजाने इराला कडेवर घेतलं. घरी येताना रस्ताभर तिने इराशी मल्याळममध्येच बडबड केली, आणि इरा तिच्या मानेत तोंड खुपसून ऐकत राहिली.

दोनच आठवड्यांनी इरा पाळणाघरात जोरात ओरडली, "पाल! पाल!" काकूंनी अकराच्या अकरा मुलं बाहेर पॅसेजमध्ये काढली, वॉचमनला झाडू घेऊन आत पाठवलं आणि स्वतः स्टुलावर उभ्या राहिल्या. पाऊण तास पाल शोधली. संध्याकाळी शीजा आली आणि हसत सुटली. मल्याळममध्ये पाल म्हणजे दूध. काकू स्टुलावरून उतरल्या आणि वहीत दूध लिहिलं.

त्यानंतर तो मंगळवार आला.

दुपारी दोनला मी ठाण्यात ऑफिसात होतो. काकूंचा फोन. आवाज असा थरथरत होता की आधी ओळखूच आला नाही. "लवकर या. इराने चावी गिळलीय."

"काय?"

"सकाळपासून रडतेय. 'चेवी, चेवी' म्हणतेय. मी जुडगा दिला तर तिने फेकून दिला. मोजला, तर सहाच्या पाच चाव्या. कपाटाची नाही! वॉचमनला मुलांजवळ बसवून मी तिला डॉक्टरांकडे घेऊन निघालेय."

शीजाला फोन लावला तर बंद. ऐरोलीला तिचं ट्रेनिंग होतं. मी बाइक काढली. मुंब्र्याचा बायपास कसा गेला आठवत नाही, शिळफाट्याला मात्र ट्रेलरच्या मागे अडकलो ते नीट आठवतं. हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने बोलत होतो. चावी केवढी असेल? टोकदार असेल? बोलत नाही म्हणून आपण इतकं घाबरत राहिलो, आणि आता ही काही बोललीच नाही तर?

दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर एक्स-रेची चिठ्ठी लिहीत होत्या. इरा काकूंच्या खांद्यावर, रडून रडून लाल. काकू तेवढ्याच पांढऱ्या पडलेल्या. तेवढ्यात शीजाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"इरामोळे? एन्दा?" काय झालं, असं शीजाने विचारलं.

"अम्मे," इरा हुंदका देत म्हणाली, "चेवी."

मग शीजा ओरडली, "कान! अरे, कान दुखतोय तिचा! चेवी म्हणजे कान!"

डॉक्टरांनी बॅटरी घेतली, कानात पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलाच सुजलाय की." एक्स-रेची चिठ्ठी फाडली, औषध लिहिलं. चावी कपाटालाच लटकत होती.

शीजा येईपर्यंत मी काकूंकडेच थांबलो. औषध घेऊन इरा झोपली. बाकीची मुलं घरी गेली. शीजाने आल्या आल्या काकूंना मिठी मारली. मी म्हटलं, "काकू, चला, एक शब्द वाढला तुमचा." त्या हसल्या नाहीत. खाली सतरंजीवर बसून राहिल्या.

"तुम्ही हसता मला, माहितीये," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांना पक्षाघात झाला ना, त्यानंतर चार महिने होते ते. सगळे शब्द गेले. एकच राहिला. 'सोमवार'. दिवसातून पन्नास वेळा, सोमवार. मी कॅलेंडर दाखवलं. सोमवारी त्यांच्या भावाला बोलावलं. सोमवारचा उपास धरला. ते मान हलवायचे आणि रडायचे. मराठीच होतं हो. चाळीस वर्षांचं आमचं मराठी. आणि मला कळलं नाही."

शीजा त्यांच्याजवळ सतरंजीवर बसली.

"मग शेवटी शेवटी मी विचारणं सोडलं. हात धरून बसायचे आणि म्हणायचे, मी आहे इथेच. तेवढ्याने ते शांत व्हायचे." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि शीजाकडे वळल्या. "ते कसं म्हणतात गं तुमच्यात? मी आहे इथेच?"

"न्यान इविडे उंड," शीजा हळूच म्हणाली.

काकूंनी तीनदा म्हणून पाहिलं. तिन्हीदा चुकलं.

इरा चौथ्या दिवशी परत गेली, आम्ही दोघंही सोडायला. दवाखान्याची आठवण असावी, दारातच तिने माझा पाय घट्ट धरला आणि भोकाड पसरलं. काकू गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, खाली तिच्या उंचीला बसल्या. "न्यान इविडे उंड," त्या म्हणाल्या, अगदी डोंबिवलीच्या उच्चारात.

इराचं रडणं थांबलं. तिने नाक ओढलं, काकूंकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "उंडो?"

आहेस ना? असं विचारत होती ती. काकूंना तो शब्द नवा होता. सांगायला शीजाने तोंड उघडलं, पण काकूंनी वर पाहिलंच नाही.

"उंड गं बाई," त्या म्हणाल्या, "उंड, उंड," आणि इराचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.