सेटिंगची खरी नक्कल

घरच्या कॉम्प्युटरला ऑफिसची सेटिंग करायची, एवढंच मी ठरवलं होतं. यात माझं नेमकं काय चुकलं, ते अजून मला कोणी पटवून दिलेलं नाही.

आधी आमची परिस्थिती सांगतो. मी साकोलीला एका सरकारी कार्यालयात नकला काढणारा बाबू. बायको रत्नमाला देवरीच्या पलीकडे शिक्षिका. लग्न झालं तेव्हा दोघंही भंडारा जिल्ह्यात होतो. मग जिल्हा फुटला आणि रेघ अशी ओढली गेली, की नवरा भंडाऱ्यात, बायको गोंदियात. (बायको जागची हलली नाही आणि परजिल्ह्यात गेली! मला कोणी विचारलं?) तेव्हापासून तिची बदली अडली ती अडलीच; ती तिकडे खोली करून राहते, शनिवारी घरी येते आणि बाकीचे दिवस मी माझ्या हातची खिचडी खातो. यंदा आंतरजिल्हा बदलीचे ऑनलाइन अर्ज निघाले. शेवटची मुदत रविवारी संध्याकाळी सहा.

"मोबाईलवरून भरून टाकू का?" रत्नमालानं त्या रविवारी सकाळीच विचारलं होतं.

"सरकारी अर्ज आहे तो! गॅसचा नंबर लावून राहिली का?"

आमच्या घरचा ब्राउझर म्हणजे मुलखाचा आळशी. ऑफिसात तीच पानं झटकन उघडतात. म्हणून शुक्रवारी मी ऑफिसच्या ब्राउझरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये शिरून तिथल्या प्रॉक्सी सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, सगळं फुलस्केपवर उतरवून आणलं. (खाली 'खरी नक्कल' लिहून सहीसुद्धा केली. सवय.) रविवारी जेवणं झाल्यावर ते आकडे घरच्या ब्राउझरमध्ये भरले, प्रॉक्सीपुढे टिक केलं, ओके दाबलं आणि अर्जाची साइट टाकली. उत्तर आलं: 'प्रॉक्सी सर्व्हर कनेक्शन नाकारत आहे.'

नाकारत आहे! 'क्षमस्व' नाही, 'कृपया' नाही, सरळ नाकारत आहे! इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाशी बोलायची ही रीत झाली? मी आकडे पुन्हा ताडून पाहिले. टिंबाचाही फरक नव्हता. म्हणजे दोष नेटचाच. मी वायर काढून फुंकली, राऊटर तीनदा बंद-चालू केला आणि मग नेटवाल्या केवळरामला फोनवर असं फैलावर घेतलं की शेजारचे वासुदेवराव काय झालं म्हणून अंगणात आले.

केवळराम आला तेव्हा पाच वाजले होते. रत्नमाला कागदांची फाईल मांडीवर घेऊन बसली होती. केवळरामनं आमच्याच नेटवर स्वतःचा मोबाईल चालवून दाखवला.

"नेट तं चालू हाये, बाबूजी."

"मंग हा काहून नाही म्हणून राहिला?"

"तुम्ही याले ऑफिसाच्या दारातून जायले सांगतलं. ते दार ऑफिसाच्या आतल्या मशीनसाठी हाये. घरून कसं उघडंन? हे टिक काढा, झालं."

"नक्कल बरोबर आहे!" मी ओरडलो.

"नक्कल बरोबरच हाये जी. जागा चुकली."

सरकारी मशीनवर चालणारी सेटिंग सरकारी नोकराच्या घरी का चालू नये, यावर मी त्याला चांगलं अर्धा तास सुनावलं. तो बिचारा मान हलवत राहिला आणि मी दम घ्यायला थांबलो तेव्हा त्यानं ते टिक काढून टाकलं. साइट उघडली!

"रत्नमाला, ये लवकर!" मी विजयी आवाजात हाक मारली.

दारात तिची चप्पल नव्हती. फाईलही नव्हती.

अंगणातल्या वासुदेवरावांनी बसस्टँडकडे बोट दाखवलं. धापा टाकत तिथल्या कॉम्प्युटर सेंटरवर पोचलो, तर ती हातात प्रिंट घेऊन पायऱ्या उतरत होती.

"झाला अर्ज?"

"झाला. साडेपाचलेच."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी बायको घरी येणार! (मला न विचारता गेली, याचा राग होताच. पण तो मी गिळला.) धंद्याच्या सवयीनं प्रिंट तपासायला घेतली. नाव बरोबर, शाळा बरोबर, मागितलेला जिल्हा भंडारा, तोही बरोबर. शेवटी प्रश्न होता: 'पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभ हवा आहे काय?' पुढे छापलं होतं: 'नाही.'

"अवं, हे चुकलं! इथं 'होय' पाहिजे होतं!"

"चुकलं नाही. दोनदा वाचूनच भरलं."

"मंग भंडारा जिल्हा कायले मागितला?"

"माही माय हाये ना सानगडीले."