घुम्यांचा वर्ग

पाठक मास्तर म्हशींना नमस्कार करत. चांगले दोन्ही हात जोडून, "काय म्हणताय?" असं विचारून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माझी नेवाशाच्या शाळेत बदली झाली, तेव्हा त्यांच्या मागून चालणारी चारपाच पोरंही म्हशीपुढे हात जोडताना बघून मी चक्रावलो.

"हा काय प्रकार, मास्तर?"

"सराव. म्हैस कुणाला हसत नाही. आधी तिच्याशी जमू दे, मग माणसं."

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. पण त्यांचा जीव रविवारच्या वर्गात. ज्यांना कुणी खेळात घेत नाही, जी चारचौघांत तोंड उघडत नाहीत, अशी पोरं ते हुडकून आणत आणि आपल्या भाड्याच्या खोलीपुढच्या ओट्यावर बसवत. गाव त्याला 'घुम्यांचा वर्ग' म्हणे. तिथे पाटी नाही, पुस्तक नाही. पेरू कापायचा आणि "तुला कोणती फोड?" असं शेजारच्याला आधी विचारायचं, हा एक धडा. मास्तर रुसलेलं, घाबरलेलं, लाजलेलं तोंड करत आणि पोरांनी ते ओळखायचं, हा दुसरा. त्यांचं रागावलेलं तोंड मात्र कुणाला ओळखू येत नसे. "पोट दुखतंय!" असं सगळे एकसुरात सांगत.

एका सुट्टीत ते पोरांना एसटीनं घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात घेऊन निघाले. कुतूहल म्हणून मीही गेलो. काम एकच होतं, अनोळखी माणसाला त्याच्या बैलाचं नाव विचारायचं. हजेरीलासुद्धा नुसती मान हलवणारी शांता एका खिल्लारी बैलापुढे कितीतरी वेळ उभी राहिली. मी पुढे होणार, तोच मास्तरांनी माझी बाही धरली. "जमेल. घाई नाही."

शेवटी बैलवाल्यानंच विचारलं, "काय पायजे गं पोरी?"

"ह्याचं नाव काय हाय?"

"सरदार."

"त्याला गुदगुल्या व्हत्यात का?"

बैलवाला विचारात पडला. "आयला! कधी करून न्हाई बघितल्या."

मग दोघांनी मिळून सरदारच्या गळ्याखाली बोटं फिरवली.

पोरगी बोलायला लागली म्हणून शांताच्या आईनं मास्तरांना जेवायला बोलावलं, सोबत मलाही. दुपारी मी पोचलो, तर मास्तर घरापासून जरा लांब लिंबाखाली उभे. धुतलेली टोपी घामानं भिजलेली.

"आत नाही गेलात?"

"तुमचीच वाट बघत होतो." मग खाली बघत म्हणाले, "नव्या घरात शिरायचं म्हटलं की मला धडधडतं हो. लहानपणापासून. म्हणून कुणाकडे जाणं-येणं झालं नाही. लग्नाचंही त्यातच राहून गेलं."

तेवढ्यात शांता बाहेर आली. तिनं लिंबाखाली पाहिलं, धावत येऊन मास्तरांचं बोट धरलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "आये, मास्तर आलं!"

आणि त्यांना हळूहळू आत घेऊन गेली.