पोटाला कान लावणारी सुभद्रामाय

बोरी अरबचा गुरांचा बाजार ऐन भरात होता आणि त्या हंबरण्यात सुभद्रामाय एका वासराच्या पोटाला कान लावून उभी होती. डोळे मिटलेले, एक हात वर.

"बोलू नका रे! आयकून राह्यली मी."

विकणारा गप्प झाला. आजूबाजूचे दोघेतिघे गप्प झाले. तिने ‘डाक्टर’ म्हणून सोबत आणलेला मी तर श्वासही रोखून धरला होता.

"गडगड हाये," तिने जाहीर केलं. "जंत झाले. देऊन टाक मले हे."

पोट सुटलंय, केस राठ झालेत, हे जगत नाही, असं म्हणून शहाणी माणसं ज्या वासरापुढून निघून जायची, तेच ती पडेल भावात घ्यायची.

मी डाक्टर नव्हतो. तिच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात औषधं द्यायच्या कामाला होतो. घर यवतमाळला, घराणं कारकुनांचं. आमच्याकडे बैल फक्त पोळ्याला यायचा, तोही मातीचा. पण सुभद्रामायचं म्हणणं, "दवाई तुमच्या हातानं भेटते ना? मंग डाक्टरच!"

साठीला आलेली ही एकटी विधवा बाई चार एकर कापूस करायची. लागोपाठ दोन वर्षं अळीपायी पीक हातचं गेलं, तेव्हा तिने वासरांचा धंदा काढला. त्यामागचा तिचा विचार सरळ होता. "अळ्याच पोसाच्या तं वासरं काहून नाई पोसाची? अळी काई बाजारात इकता येत नाई." जंताचं औषध, गोचीड वेचणं, खायला तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, आणि मूठभर सरकीची ढेप, म्हणजे पेंड. वर्षभरात जनावर असं चकाकायचं की पहिला मालकच विचारायचा, "माय, हे कोठून आनलं व?"

वासराला वासरू म्हणायचं नाही, हा तिचा नियम. "माल म्हनाचा. मया लावली का धंदा बसला." त्यामुळे सकाळी दवाखान्यात निरोप यायचा, "डाक्टर, मालाले खोकला झाला." एकदा तर म्हणाली, "माल रुसला."

"माल कसा रुसेल हो?"

"भितीकडं तोंड करून उभा हाये सकायपासून. रुसला नाई तं काय ध्यान करून राह्यला?"

विकायची तऱ्हा आणखी न्यारी. गिऱ्हाईक आलं की ती आधी खोडी सांगायची. "हा लाथ मारते. पान्यात पाय ठेवत नाई. लेकराची चड्डी खाल्ली यानं." गिऱ्हाईक चक्रावून जायचं आणि, का कोण जाणे, जनावर घेऊनच जायचं.

मग गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. बोंड फोडावं तर आत कापसाऐवजी काळी पडलेली कवडी. सुभद्रामायच्या समोरच्या घरात प्रल्हाद राहायचा. चाळिशीचा, हसरा, भजनात सगळ्यांच्या वर आवाज काढणारा. कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत त्याने गुरं सोडली आणि त्या दिवसापासून तो ओट्यावर बसला तो बसलाच. बोलणं बंद. जेवण समोर आलं तर दोन घास. त्याची बायको संगीता शेतात जातानाही दहादा मागे वळून बघायची. गाव घाबरलं होतं. काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं.

पुढच्या बाजारात सुभद्रामायने एक गोऱ्हा घेतला. इतका मरतुकडा की उभा राहताना चारही पाय चार दिशांना. मी म्हणालो, "माय, हा आठवडाही काढणार नाही."

"तुमी दवाई द्या. बाकी तुमाले कायले पायजे?"

तिने तो थेट नेऊन प्रल्हादच्या अंगणात बांधला.

"मले नाई पायजे," प्रल्हाद जमिनीकडे बघत म्हणाला.

"तुले कोन देऊन राह्यलं? माह्या गोठ्यात जागा नाई. वर्सभर पोस, अर्धा वाटा तुहा." आणि मला घेऊन ती आपल्या दारात जाऊन बसली.

दुपारी गोऱ्हा ओरडायला लागला. संगीता उठायला गेली, तर सुभद्रामायने समोरून तिला हातानेच बस म्हणून खुणावलं. गोऱ्हा ओरडत होता, आम्ही तिघं बघत होतो. बऱ्याच वेळाने प्रल्हाद उठला. बादली घेतली. पाणी दाखवलं.

त्यानंतर सुभद्रामाय सकाळ-संध्याकाळ त्याच्या अंगणात जाऊन खोट काढू लागली. शेण पातळ काहून? दावं आखूड काहून? दहाएक दिवस त्याने ऐकून घेतलं. मग एका सकाळी सगळ्या गल्लीला आवाज गेला.

"तुले काय समजते व माय? काल ढेप जास्त झाली म्हून हगवन लागली त्याले! आज कुटारच देनार मी!"

संगीता दाराआड तोंडाला पदर लावून रडत होती आणि हसतही होती.

गोऱ्हा जगला. वर्षाने प्रल्हादने तो बोरीच्या बाजारात विकला आणि आपल्या वाट्याच्या पैशांत दोन वासरं घेतली, दोन्ही हाडकुळी. परतीच्या टेम्पोत तो मागे वासरांजवळ बसला. मी आणि सुभद्रामाय पुढे. मी विचारलं, "त्या दिवशी बाजारात धड वासरं होती की. प्रल्हादसाठी तोच मरतुकडा कशाला घेतला?"

"धड वासराले मानूस लागत नाई. त्याले लागत होता." मग म्हणाली, "माहा घरधनी गेला तवा माह्या भावानं एक लंगडी गाय आनून दारात बांधली. असा राग आला मले! माहा मानूस गेला अन हा गाय देऊन राह्यला. पन तिले पानी तं पाजाच लागे. तिच्यासाठी उठली. उठली तं चूल पेटवली. पेटवली तं दोन घास खाल्ले."

"कितीला विकली मग ती?"

"लंगडी गाय कोन घेते? ग्यारा वर्सं होती माह्याजोळ."

"म्हणजे धंद्यात तोटाच."

"तोटा कायचा?" ती म्हणाली. "मी हाये ना बसून तुमच्या बाजूले."

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागे ओरडली, "प्रल्हाद! दावं ढिलं कर रे, मानेले काचते त्याच्या!"

"केलं व माय," मागून आवाज आला. "कवाचंच केलं."