शेवटच्या बांधीची पाळी

कवडूदादा भेटला की रामराम करत नाही. "आ कर," म्हणतो. खिशातून बॅटरी काढून गालात उजेड टाकतो आणि फर्मावतो, "आता तुझे तीन बोटं उभे घाल तोंडात. नाही गेले तर मामला गडबड." मागच्या लग्नात त्यानं नवरदेवाला मुंडावळ्यांसकट आ करायला लावलं. एसटीच्या कंडक्टरनं तिकीट मागितलं तर म्हणाला, "देतो गा, पयले तोंड दाखव."

त्याचा स्वतःचा डावा जबडा अर्धा काढलेला आहे. कॅन्सर.

आमचं गाव गोंदियाकडचं, चोरखमाऱ्याच्या अलीकडे. दादा गावतलावाचा पाणकर, म्हणजे धानाच्या खाचरांना, आमच्या बांध्यांना, पाळीनं पाणी सोडणारा. ऑपरेशननंतर गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला, तो त्यानं लॅमिनेट करून घेतला. मी शाळामास्तर, म्हणून दर रविवारी वाचायचं काम माझ्याकडे.

"मास्तर, ते शिपायांची लाइन वाच ना."

ती ओळ अशी, की शरीराच्या लढाऊ पेशी गाठीच्या आत भरपूर शिरलेल्या आढळल्या. डॉक्टरबाईंनी समजावलं होतं : या पेशी काठावरच थांबल्या तर फारसा उपयोग नाही, आत शिरलेल्या असल्या तर पेशंट बहुधा बरा राहतो. पण बहुधाच. त्या गर्दीत बाकीच्यांना गप्प बसवणाऱ्या पेशीही असतात, तेव्हा तपासणी चुकवायची नाही.

दादा ते आपल्या भाषेत सांगे, "बांधीच्या काठी, धुऱ्यावर उभा राहून बोंबलणारा पाणकर काय कामाचा? चिखलात उतरला पायजे. माझे उतरले. पण त्यातबी दोनचार फितूर रायतेच गा!"

वाचताना माझा पाय सारखा हलत राही. कारण, आता लिहूनच टाकतो, त्याला खर्रा मी शिकवला. तरुणपणी तलावाकाठी बसून सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत मी घोटायचो आणि अर्धा त्याच्या तळहातावर ठेवायचो. त्याच्या गालात फोड आला तेव्हा "गरमीचा असेल" असं म्हणणाराही मीच. त्याचा जबडा गेला, आणि माझ्या खिशातली पुडी गेली नाही. वर्षभरापासून माझ्याही गालात पांढरा चट्टा होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

या हिवाळ्यात दादानं सारा गाव तपासायला काढला. पाण्याच्याच क्रमानं : तलावाच्या तोंडाशी ज्याची बांधी तो पहिला, मग खाली खाली. सरपंचबाई म्हणाल्या, "मी आता रिकामीच आहे, पाहून घ्या ना जी." तर म्हणे, "तुमची पाळी मंगळवारी, बाई. नंबर नाही तोडत मी."

माझी बांधी सगळ्यात शेवटी. बरं वाटलं. पण रांग खाली सरकू लागली तशी माझी झोप उडाली. माझा दिवस आला तेव्हा पेपर तपासायचं निमित्त काढून मी तिरोड्याला पळालो. दुपारी परतलो तर दादा माझ्या अंगणात येरझारा घालत होता.

"आ कर."

"दादा, घाईत आहो मी."

"मामाच्या तेरवीत तू ठेचा ताटात तसाच ठेवला. घास लेकरावानी बारके घेऊन राहिला होता. मी पाहून राहिलो होतो."

"मंग तवाच काऊन नाही बोलला?"

"एकट्याले बलावलं असतं तर पळाला असता तू. पाण्याची पाळी कोणी चुकवत नाही आपल्या गावात. म्हणून वरून सुरू केलं." मग बॅटरीकडे बघत म्हणाला, "रोज वाटे, नंबर तोडावा."

"दादा, तो खर्रा... मीच..."

"मालूम आहे. आ कर."

मी आ केला. लग्नात, बाजारात खिळ्यासारखा स्थिर राहणारा तो उजेड माझ्या हनुवटीवर, नाकावर भटकत राहिला. माझं तिसरं बोट आत गेलंच नाही. दुसरंही दातांशी अडलं.

त्यानं बॅटरी बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा बंद केली.

"उद्या सकायच्या गाडीनं गोंदियाले. मी येतो संगं."

"काही निघालं तर?"

"तुझे शिपाई आत उतरले का धुऱ्यावरच हायेत, ते डॉक्टरबाई पायतील."

एवढं बोलून तो घरी जाईल असं वाटलं. तो माझ्या पायरीवर बसला.

"आता कायले बसला, दादा?"

"तू पळशील," तो म्हणाला, आणि माझ्या खिशातली पुडी काढून घ्यायला हात पुढे केला.