मध्यंतरानंतरचे सिद्रामअण्णा

आमच्या शेजारचे सिद्रामअण्णा सिनेमातली माणसं नावानं नाही, रंगानं ओळखतात. मागे एकदा भर दुपारी त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "काय करलालाव सर? हिरवी घर सोडून गेली की." माझी बायको हातातलं काम टाकून बाहेर धावली. हिरवी म्हणजे अण्णांच्या पटकथेतली पोस्टमनची बायको, हे तिला पटवेपर्यंत आमचा चहा गार झाला.

अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढतात. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, मग त्याबरहुकूम मागावर मोर उतरतो. हे झालं पोटापाण्याचं. बाकी सगळा जीव पटकथेत. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे शुद्धलेखन माझ्या गळ्यात पडलं. दोन वर्षांत मी त्यांच्या पाच पटकथा तपासल्या, आणि पाचही मध्यंतरापर्यंतच. पुढे गाडं कधी सरकलंच नाही.

दोष आपला नाही, पद्धतीचा आहे, असं अण्णांचं ठाम मत. "एकदा पद्धत घावली की झालं सर." त्या पद्धतीपायी ते पुण्याला शिबिराला जाऊन आले. तिथे शिकवलं होतं की प्रत्येक प्रसंग वेगळ्या कार्डावर लिहून भिंतीला लावायचा. लावले. त्यांच्या बायकोनं, महानंदाकाकूंनी, पंखा सुरू केला आणि लग्नाच्या आधी खून झाला. मग एकांत हवा म्हणून अक्कलकोटला भक्तनिवासात जाऊन राहिले. तिथे लांबचे कानडी पाहुणे भेटले. तीन दिवसांनी अण्णा परतले ते एकही ओळ न लिहिता, दोन सोयरिकी जुळवून.

"एवढी घाई कशाला अण्णा?" मी एकदा विचारलं.

"ऐकणारं माणूस थांबलंय सर. रोज विचारतंय, पुढं काय झालं. दर खेपेला अर्ध्यावर कसं सोडायचं त्याला?"

मी समजलो, कुणी निर्माता असणार. गल्लीही तेच समजली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तर आपला पुतण्या नायक म्हणून देऊ केला, तोही मिशीसकट.

पद्धत अखेर घावली ती कारखान्यातच. मोराचा कागद रंगवताना अण्णांनी सहज तयार चादर उलटून पाहिली. आमच्या चादरीची मागची बाजू पुढच्यासारखीच असते, फक्त रंग उलटे. पुढे लाल मोर, मागे पांढरा. वरून गेलेला धागा नाहीसा होत नाही, खाली चालू असतो. अण्णा तसेच सायकल मारत माझ्याकडे आले, दुपारचा डबा हँडलला तसाच.

"वर न्हाय म्हंजे खाली हाय. पडद्यावर दिसंना म्हणून माणूस जातंय कुटं?"

त्या दिवसापासून ते पटकथा चौकटीच्या कागदावर, रंगीत पेन्सिलींनी लिहायला लागले. एका माणसाला एक रंग, एका प्रसंगाला एक ओळ. आणि प्रसंग लिहून झाला की कागद उलटायचा, अन् जी माणसं त्या प्रसंगात नाहीत ती तेव्हा कुठे, काय करतायत, ते मागे लिहायचं. हिरवी मध्यंतराला घर सोडून गेली होती. पोस्टमन तिला माळशिरसपर्यंत शोधून आला. अण्णांनी कागद उलटला तर ती गावातच, पलीकडच्या गल्लीत टॉवेलला शिलाई मारत बसलेली.

"साऱ्या गावाची पत्रं वाटतंय ते येडं, पण त्या दारात कधी गेलंच न्हाय," अण्णा म्हणाले. आठवड्याभरात पटकथा संपली. शुद्धलेखनाच्या चुका पूर्वीइतक्याच होत्या, पण मला कोण हायसं वाटलं.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात चित्रपटांचं काम करतो. त्याचं नाव सुचवावं म्हणून रविवारी सकाळी तपासलेले कागद घेऊन निघालो, तर अण्णांच्या दारातच थबकलो. आत अण्णा कच्च्या प्रतीवरून मोठ्यानं वाचत होते.

"घराच्या आत. सकाळ. खिडकी डाव्या हाताला. उंबऱ्यावर ऊन. हिरवी दारात उभी, हातात पिशवी."

समोर खाटेवर काकू बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. काचबिंदूनं काकूंची नजर दोन वर्षांपूर्वी गेली, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याआधी नव्या सिनेमाचा पहिला खेळ या दोघांनी कधी चुकवला नव्हता, हेही ठाऊक होतं. पण पटकथा तेव्हापासूनच सुरू झाल्या, हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. मास्तर असून मला माझीच लाज वाटली. पुण्याचा विषय मी काढायचा नाही असं ठरवलं.

"समाप्त," अण्णा म्हणाले.

काकूंनी मोठा श्वास सोडला. "आली बाई एकदाची. मला वाटलं, ह्या बी खेपंला मधनंच उठवताय." मग म्हणाल्या, "साडी कुठली नेसलीया?"

"अबोली. बारीक काठाची."

"उन्हात चांगली दिसत असंल."

अण्णांनी कागद खाली ठेवले आणि काकूंकडे बघत म्हणाले, "दिसतीया की."