सासूबाईंचं दांदांग

"या की कधी घरी!" एवढंच मारवोतो म्हणाला होता.

आमच्या सोलो गावात हे वाक्य उठता-बसता बोललं जातं. सायकलरिक्षावाला गिऱ्हाइकाला उतरवताना म्हणतो, डॉक्टर दात उपटून झाल्यावर म्हणतो, कडकडून भांडून निघालेली शेजारीणसुद्धा जाता जाता म्हणते. त्यावर समोरच्याने "हो हो, येऊ की" म्हणायचं आणि जन्मात जायचं नाही, ही रीत. ती पाळली जाते म्हणून तर आमच्या गावातल्या बायका अजून माहेरी निघून गेलेल्या नाहीत.

पण मारवोतो हे वाक्य ज्याला म्हणाला, तो तापिओ फिनलंडचा होता. त्यांच्याकडे माणसं फार बोलतच नाहीत म्हणे, आणि बोललीच तर ते खरं असतं. (असल्या देशात लोक राहतात तरी कसे, हा आम्हाला पडलेला प्रश्न आहे.)

मारवोतो कलाकेंद्रात कारकून होता. कारकून म्हणजे खुर्च्या मांडणं, जाहिराती चिकटवणं आणि देशोदेशीच्या कलावंतांना विमानतळावरून आणणं-पोचवणं. वीसेक वर्षं तो विमानतळाच्या काचेपर्यंत जाऊन परत येत होता. एकदा तरी विमानात खिडकीशी बसावं आणि ढग वरून कसे दिसतात ते बघावं, ही त्याच्या आयुष्यातली एकुलती एक चैनीची इच्छा. ती त्याने कोणाला सांगितली नव्हती, कारण मागणं बरं दिसत नाही.

त्या वर्षी केंद्रात 'दोन मुलुख, एक रंगमंच' नावाची मैफलींची मालिका व्हायची होती. पहिली मैफल तापिओची. आमचं गामेलान, म्हणजे घंटा-झांजांचा ताफा, त्याच्या फिनलंडच्या तंतुवाद्याचे सूर, आणि मध्ये त्याला हवी होती घरगुती भांडी. गामेलानच्या घंटांना हजार नियम असतात, भांड्यांना एकही नसतो, असं त्याचं म्हणणं.

तर तापिओ त्याच संध्याकाळी सायकलवरून मारवोतोच्या दारात हजर झाला.

"अरे वा, मास तापिओ! जेवलात का?" मारवोतोने विचारलं. (मास म्हणजे दादा.) जेवलात का, हेही आम्ही सगळ्यांनाच विचारतो.

"नाही," तापिओ म्हणाला. "मला भूक आहे."

मारवोतोच्या घराण्यात या प्रश्नाला असं उत्तर कोणी दिलेलं नव्हतं. त्याची बायको लासमिनी कपाळाला आठी न घालता उठली, सोयाबीनचे तेंपे तळले, नारळाच्या रसातली भाजी वाढली आणि मिरच्या संपल्या म्हणून शेजारी मागायला गेली. तेवढ्यात तापिओ हात धुवायला स्वयंपाकघरात गेला, आणि घात झाला.

चुलीशेजारी दांदांग उभं होतं. भात वाफवायचं तांब्याचं उंच भांडं, कमरेत आवळलेलं, वर तोंड रुंद. लासमिनीच्या आईचं. त्याच्या कुशीला एक पोचा होता, कारण सासूबाईंनी तरुणपणी ते एका मांजरीला फेकून मारलं होतं. (मांजर वाचली. सासरे मध्ये आले होते, तेही वाचले.) तापिओने त्या पोच्याशेजारी बोटाच्या पेराने टकटक केलं. भांडं असं काही घुमलं की तापिओच्या निळ्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"फार सुंदर," तो म्हणाला.

"आवडलं? मग न्या की! तुमचंच समजा!" मारवोतो म्हणाला.

आता इथे पाहुण्याने "छे छे, भलतंच काय" म्हणायचं असतं. मग आपण पुन्हा "न्याच" म्हणायचं, त्याने पुन्हा "नाही" म्हणायचं, आणि तिसऱ्या खेपेला दोघांनी हसून चहा प्यायचा. भांडं जागचं हलत नाही आणि आपलं मन किती मोठं ते सिद्ध होतं.

"धन्यवाद," तापिओ म्हणाला आणि त्याने दांदांग उचललं.

मारवोतोने काय करावं? त्याने दोरी आणून दिली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भिडेने स्वतः सायकलच्या कॅरियरला गाठ मारून दिली, वर "सावकाश जा हं" असंही म्हणून घेतलं.

लासमिनी मिरच्या घेऊन आली. "पाहुणे गेले? आणि दांदांग कुठाय?"

"बुडाला बारीक भोक दिसलं," मारवोतोच्या तोंडून निघालं. "डाग द्यायला पाठवलं कारागिराकडे."

"शनिवारच्या आत आणा म्हणजे झालं. आपल्या रात्रीचं डोहाळजेवण आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात कसं नसेल! रात्री हे त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं नाव, आणि तिला सातवा महिना. लासमिनीच्या डोहाळजेवणाचा भात त्याच दांदांगातला होता, तिच्या आईच्याही. लेकीच्या वेळी भात दुसऱ्या भांड्यात शिजला असता, तर लासमिनी ओरडली नसती. ती नुसती गप्प बसली असती. तिचं गप्प बसणं मारवोतोने लग्नानंतर एकदाच अनुभवलं होतं, आणि त्या आठवणीने त्याला अजून घाम फुटायचा.

आणि मैफलही त्याच शनिवारी संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी तो तालमीला गेला. रंगमंचाच्या मधोमध सासूबाईंचं दांदांग दोरीला टांगलेलं होतं, आणि तापिओ त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. "परत द्या" असं सरळ म्हणणं म्हणजे निव्वळ रानटीपणा. मारवोतोने आडून आडून सुरुवात केली.

"मास तापिओ, ते भांडं ठेवायला तुम्हाला अडचण होत असेल."

"नाही. जागा भरपूर आहे."

"जुनं आहे हो. जड. उगाच तुमचे हात भरून यायचे."

"माझे हात बळकट आहेत."

"शनिवारी आमच्याकडे लेकीचं डोहाळजेवण आहे. खूप भात करावा लागणार."

"अभिनंदन. मला भात आवडतो."

"मग या की तुम्हीही!" मारवोतो म्हणाला, आणि त्याने स्वतःची जीभ चावली.

त्यात जाहिराती छापून आल्या. त्यावर ना तापिओ, ना गामेलान. फक्त दांदांग, पानभर, पोच्यासकट. ते गावभर लावायचं काम अर्थातच मारवोतोचं. लासमिनीचं कापडाचं दुकान बाजारात, त्यामुळे बाजाराचा रस्ता बाद. भाजीमंडई बाद. तिच्या बहिणीची गल्ली बाद. शेवटी जाहिराती लागल्या त्या कब्रस्तानाच्या मागच्या भिंतीवर, पुरुषांच्या न्हाव्याकडे आणि एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात.

"पाक मारवोतो, तिकिटं का जात नाहीत?" संचालिका बू हार्तिनींनी विचारलं. "मला तर गावात एकही जाहिरात दिसली नाही." (पाक म्हणजे राव, बू म्हणजे बाई.)

"लावल्यात ना, बू. शांत जागा बघून लावल्यात."

"शांत जागा कशाला? जाहिरात वाचायला लोक नकोत?"

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. बू हार्तिनींनी कोणालाही न विचारता कापडबाजारासमोर दुमजली फलक उभारला. मारवोतो तो पाहून आल्या पावली मागे फिरला. त्या फलकावर पोचाच एखाद्या डबक्याएवढा दिसत होता.

घरी मात्र सारं आलबेल. लासमिनी उलट जास्तच गोड बोलत होती. तिची नजर कायम कापडावर असते, वर कशाला जाईल, असं मारवोतोने मनाला समजावलं.

"डाग देऊन झाला का हो?" तिने विचारलं.

"कारागीर आजारी आहे गं बिचारा."

"अरेरे! काय होतंय?"

"पोटाचं काहीतरी."

सकाळी तिने बाटलीभर कडू काढा त्याच्या हाती ठेवला. "त्या बिचाऱ्याला द्या. आणि रिकामी बाटली परत आणा, म्हणजे त्याने घेतला हे मला कळेल."

ओतून द्यावा तर पाप. (काढा ओतणाऱ्याला तोच आजार होतो अशी सासूबाईंची शिकवण.) केंद्रामागच्या चाफ्याखाली उभं राहून मारवोतो नाक दाबून तो स्वतः प्यायला. रोज नवी बाटली, रोज आधीच्यापेक्षा कडू.

"सुधारतोय का कारागीर?"

"सुधारतोय," मारवोतो पोट धरून म्हणायचा.

"सुधारेल, सुधारेल. जरा वेळ लागेल, पण सुधारेल."

शुक्रवारी त्याने अॅल्युमिनियमचं एक दांदांग विकत घेतलं आणि तापिओपुढे धरलं. तापिओने त्यावर टकटक केलं, मान हलवली आणि ते अतिशय आदराने परत दिलं. झालं, शेवटचाही उपाय संपला.

शनिवारी भल्या पहाटे मारवोतो न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहिला. "नाही. ते भांडं परत द्या," तो आरशाला म्हणाला. असलं वाक्य आजवर त्याच्या तोंडून निघालेलं नव्हतं. चार-पाचदा म्हटल्यावर आवाज जरा स्थिर झाला. लेकीसाठी एवढा रानटीपणा करायचाच, असं ठरवून तो केंद्राकडे निघाला.

रंगमंचावर नुसती दोरी लोंबत होती. "तो गोरा पहाटेच घेऊन गेला," पहारेकरी म्हणाला. "कुठे, ते नाही बोलला."

मारवोतो ते अॅल्युमिनियमचं भांडं छातीशी धरून घरी परतला. वाटेत त्याने सगळं कबूल करायची वाक्यं जुळवली, आणि ती इतकी नम्र होत गेली की शेवटी त्यातून गुन्हाच गायब झाला. अंगणात बायका केळीची पानं पुसत होत्या, लेक रात्री मोगऱ्याच्या माळा घालून बसली होती. तो मान खाली घालून स्वयंपाकघरात शिरला.

चुलीवर सासूबाईंचं दांदांग वाफा सोडत होतं. शेजारी पाटावर तापिओ नारळ खोवत बसला होता.

"आलात?" लासमिनी म्हणाली. "बसा. कारागीर घरीच आलाय."

मारवोतोने अॅल्युमिनियमचं भांडं पाठीमागे लपवलं.

"तुला कधी कळलं?"

"दुकानासमोर आईचं भांडं दुमजली उभं राहिलं, आणि मला कळणार नाही? त्याच दुपारी केंद्रात गेले. याला म्हटलं, शनिवारी सकाळी भांडं हवंय. हा म्हणाला, ठीक आहे."

"एवढंच?"

"आणखी काय असतं?"

"मग मला रोज काढा कशाला पाजलास?"

"तुम्हाला?" लासमिनीने भाताचं झाकण उचललं. "मी तर कारागिरासाठी देत होते."

तापिओने खोबऱ्यातून मान वर केली. "पाक मारवोतो, तुम्हाला भांडं परत पाहिजे होतं? मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगत होतो की रोज!" मारवोतो कळवळून म्हणाला.

पानावर रचलेला पिवळ्या भाताचा सुळका दृष्ट लागण्यासारखा झाला. रात्रीने पहिला घास घेतला तेव्हा लासमिनीने पदराने डोळे टिपले. मारवोतोला इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्याने आल्यागेल्या सगळ्यांना "संध्याकाळी मैफलीला या" असं सांगून टाकलं.

आणि सगळे आले! कारण लासमिनीही त्यांना तेच म्हणाली होती, आणि ती म्हणते तेव्हा यावं लागतं. तिची तापिओला एकच अट होती. "माझ्या आईच्या भांड्यावर परक्याचा हात पडणार नाही. वाजवायचंच असेल तर मी वाजवीन."

दांदांग तेव्हाही कोमट होतं, आतल्या कडेला दोन-चार शितं चिकटलेली. गामेलान थांबलं, तापिओच्या तारांचे सूर विरत गेले, आणि जरीकाठी जाकीट घातलेल्या लासमिनीने लाकडी उलथन्याने पोच्याशेजारी एक ठोका दिला. तो नाद सभागृहभर फिरून छताशी गेला आणि हळूहळू उतरला. मारवोतोला सासूबाई आठवल्या, जेवायला हाक मारण्याआधी त्या असाच एक ठोका द्यायच्या. तो मागच्या रांगेत उभा राहून खुशाल रडला. आपली बायको किती सुंदर आहे, हे त्याला बऱ्याच वर्षांनी एकदम दिसलं.

मैफल संपल्यावर तापिओ दोघांपाशी आला.

"हिवाळ्यात ही मैफल आमच्याकडे होणार. दांदांग लागेल, आणि वाजवणारं एक माणूस. विमानाची दोन आसनं आहेत, एक भांड्याचं. पाक मारवोतो, तुम्ही याल? बू लासमिनी शिकवतील तुम्हाला."

मारवोतोचा जीव हरखला. विमान! ढग! खिडकी! पण पहिल्याच झटक्याला हो म्हणणं बरं दिसतं का? तो हात जोडून, मान वाकवून म्हणाला, "छे छे! मी कसला येतोय! मला कुठली सोसायला तिकडची थंडी!"

आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत हसतमुखाने उभा राहिला.

"ठीक आहे," तापिओ म्हणाला. "बू लासमिनी, तुम्ही याल?"

"येते," लासमिनी म्हणाली.

"म्हणजे, मी अगदी नाही असं काही..." मारवोतोने घाईघाईने सुरुवात केली.

"म्हणालात," तापिओ म्हणाला. "मी ऐकलं."

हिवाळ्यात मारवोतोने नेहमीप्रमाणे कलावंतांना विमानतळाच्या काचेपर्यंत पोचवलं. लेकीचं, रात्रीचं, बाळंतपण होऊन गेलं होतं आणि दांदांग तिच्याच लेकराच्या दुपट्यात गुंडाळलेलं होतं. घरी येऊन त्याने अॅल्युमिनियमच्या भांड्यात भात लावला. तो खालून करपला, वरून कच्चा राहिला.

दुसऱ्या दिवशी लासमिनीचा फोन आला. सुखरूप पोचले, म्हणाली, बर्फ फार आहे, तापिओच्या आईने जेवायला वाढलंय.

"आणि ढग?" मारवोतोने विचारलं. "वरून कसे दिसतात गं?"

"मला कुठले दिसायला! मी कडेला होते," लासमिनी म्हणाली. "खिडकीशी दांदांग होतं."